आधी केबल, मग अँटेना

नारायणगाव

चि. छकुलीस,

तुझा फोन झाल्यापासून मामी विचारतेय, पोरीने खोलीत मोबाइलचा टॉवर उभा केला म्हणजे नेमकं केलं तरी काय? मी सांगितलं, तिकडच्या, फ्रान्समधल्या युरेकॉम संस्थेतून निघालेलं ओपनएअरइंटरफेस नावाचं सॉफ्टवेअर आहे. सगळा कोड खुला, कुणीही उतरवून घ्यावा. साध्या संगणकाला रेडिओची पेटी जोडली की ५जीचं बेस स्टेशन तयार. तिचं समाधान झालं, माझं नाही. ‘फोनवर नेटवर्क दिसलं!’ म्हणून तू ओरडलीस, पण पेटीला अँटेना लावली होतीस की सगळं झाकून ठेवलं होतंस, ते काही बोलली नाहीस.

सिम्युलेटरवर सगळं चाललं, छान झालं. पण बाळा, तिथे रेडिओ नसतोच. बेस स्टेशनही सॉफ्टवेअर, फोनही सॉफ्टवेअर. हवा बिघडवायची म्हटली तरी तू सांगशील तेवढीच बिघडणार. खरी पेटी असं ऐकत नाही. तुझ्या यूएसआरपी बी२१० पेटीतलं घड्याळ २ पीपीएमने चुकू शकतं. ऐकायला किरकोळ, पण साडेतीन गिगाहर्ट्झवर ती ७ किलोहर्ट्झची चूक होते, आणि ५जीच्या लहान बेस स्टेशनलाही ०.१ पीपीएमच्या आत राहावं लागतं. तेव्हा फोन जोडला जाईना की लगेच कोड उपसत बसू नकोस, आधी जीपीएसवरून घड्याळ लाव. पडद्यावर ‘एल’ आणि ‘यू’ ही अक्षरं सांडायला लागली तर संगणक वेळेत पुरा पडत नाही असं समज. तुझा एकेक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा, तेवढ्यात काम उरकलं नाही की गाडी सुटली. प्रोसेसरची वीज वाचवायची सोय बंद ठेव आणि पेटी यूएसबी ३ च्याच पोर्टला लाव. लॉगवर कोडची नेमकी आवृत्ती लिहीत जा, नाहीतर महिन्याने तुझं तुलाच कळणार नाही.

केबलवर चाचणी घेशील तेव्हा मध्ये सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर हवाच. ती पेटी १० डीबीएमच्या वर पाठवते, आणि तिच्याच रिसीव्हरला उणे १५ च्या वर सोसत नाही. सरळ जोडलीस तर रिसीव्हर कामातून गेलाच म्हणून समज. किमान ३० डीबी लाव. मी तर जास्तच लावीन. फोनला केबल जोडायची सोय नसते हे खरं, पण अँटेनाची टोकं बाहेर काढलेली ५जी मॉड्यूल मिळतात. फोनच हवा असेल तर तो शील्ड बॉक्समध्ये ठेव.

आता माझ्या मनातलं. तू चाचणीसाठी राखलेला ००१-०१ हा नेटवर्क क्रमांक टाकतेस, म्हणून तुला वाटत असेल की परका फोन आपल्याकडे येणार नाही. एरवी येतही नाही. पण ज्या फोनला स्वतःचं नेटवर्क मिळत नाही किंवा ज्यात सिमच नाही, तो आपत्कालीन कॉलपुरता मिळेल त्या सेलवर जाऊन बसतो. नियमच तसा आहे आणि योग्य आहे. खालच्या मजल्यावरच्या एखाद्या आजोबांनी छातीत कळ आली म्हणून ११२ लावला आणि फोन नेमका तुझ्या सेलवर बसलेला असला, तर? तुझ्या संगणकापलीकडे अँब्युलन्स नाही. फोन दुसरं नेटवर्क शोधेलही, पण त्यात जाणारा वेळ त्या आजोबांचा. शिवाय तुझ्या ७८ क्रमांकाच्या पट्ट्यात तिथल्या कंपन्यांचं ५जी चालतं; २०२० च्या लिलावात त्यांनी त्याचे पैसे मोजलेत. प्रयोगासाठी तिकडे ‘आर्सेप’ या दूरसंचार नियामकाकडे परवानगी मागता येते. तुमच्या सरांना अर्ज करायला लाव, आणि ‘कमी पॉवर आहे, कुणाला कळतंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

लहानपणी विज्ञान दिनाला तुला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं, आठवतं? ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, अशा एकूण ३०. फोन बंद करायला लावला म्हणून तू गाल फुगवून बसली होतीस. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती इथला रेडिओ गोंगाट कमी म्हणून. आता मोबाइलचे टॉवर आले, विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव आहेच. तिथली मंडळी त्यांच्याशी अखंड भांडत असतात. त्या परिसरात वाढलेल्या मुलीला जास्त सांगायला नको, पण मामा आहे, सांगणारच.

इकडे टोमॅटोचा भाव पुन्हा पडलाय, आजीचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि तुझ्या खोलीत मामीने कांद्याच्या गोण्या ठेवल्यात, रागावू नकोस. रात्र-रात्र जागू नकोस. लांबलचक चाचणी यंत्राला करू दे, तू झोप.

परवानगी हातात पडेपर्यंत अँटेना कपाटात ठेव. अर्ज कुठवर आला ते रविवारी फोनवर सांग.

तुझा,
मामा