अंतरीच्या शांतीची पारख



अष्टमी आणि रोहे यांच्या मधून कुंडलिका वाहते. नदीपलीकडच्या रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. १९७३ साली मदर तेरेसांना मिळालेले टेम्पल्टन पारितोषिक १९९७ साली त्यांनाही मिळाले. प्रत्येकाच्या अंतर्यामी देव वसतो, हे ते गीतेच्या आधारे सांगत. आपणही मानतो की, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, त्याचा आत्मा अमर आहे. मग आपले मन इतके अस्वस्थ का?

बहुधा शांती म्हणजे इतरांपासून सुटका, असे आपण समजतो. दार लावून डोळे मिटले की घटकाभर बरे वाटते. दार उघडताच जुने भांडण उंबऱ्यावर उभेच! एकांत हवाच. प्रभू येशूही प्रार्थनेसाठी डोंगरावर जात असे. पण तो पुन्हा लोकांत येत असे.

आठवल्यांच्या कोळी अनुयायांनी ‘मत्स्यगंधा’ नावाच्या होड्या चालविल्या. पाळीपाळीने श्रम करायचे, मिळकत देवाची मानायची, तिच्यातून गरजूंना हात द्यायचा. आपल्या अंतरीचा देव शेजाऱ्याच्याही अंतरी आहे, हे त्यांनी असे कृतीत उतरविले.

अमर आत्मा आपल्या एकट्याला नाही. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्यालाही तो आहे. बांध, विहीर, वाटणीचे घर, सारे येथेच राहील. तो माणूस मात्र अनंतकाळचा आहे. त्याला टाळून आपण कोठवर जाणार? या आठवड्यात पहिला शब्द आपणच बोलू या.