पदरची ओवी

दुसऱ्याने रचलेला ग्रंथ ज्याच्या हाती सांभाळण्यासाठी येतो, त्याने त्या ग्रंथात स्वतः किती उरावे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात स्वतंत्रपणे फारसा मांडला गेलेला नाही. कर्त्याच्या अहंकाराविषयी आपण पुष्कळ बोललो, भोक्त्याच्या वैराग्याविषयी त्याहूनही अधिक बोललो. परंतु जो कर्ता नाही आणि भोक्ताही नाही, ज्याच्या वाट्याला केवळ मधली वहिवाट आली आहे, अशा नकलनवीसाचा, संशोधकाचा, पोथी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन करणाऱ्याचा स्वधर्म कोणता, असे विचारले तर ‘त्याने नाहीसे व्हावे’ एवढेच उत्तर देऊन आपण मोकळे होतो. हे उत्तर ऐकायला विनयाचे वाटते. ते खरे आहे असे मला वाटत नाही, आणि त्याची परीक्षा करण्यासाठी मी दोन व्यवसाय एका पंक्तीला बसविणार आहे. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या पैठणास शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथमहाराजांनी केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण हा पहिला. आणि टेक्स्ट एडिटरांच्या पुरवण्या लिनक्सच्या एखाद्या वितरणासाठी बांधून देणाऱ्या मेंटेनरांचे आजचे निर्वेतन काम हा दुसरा. हे औद्धत्य आहे असे कोणास वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा.

दुसरा व्यवसाय पुष्कळ वाचकांना अपरिचित असणार, म्हणून त्याचे स्वरूप अगोदर सांगतो. संगणकावर लेखन करण्याची, विशेषतः प्रोग्रॅम लिहिण्याची, ईमॅक्स आणि व्हिम ही दोन जुनी साधने आहेत. त्यांपैकी ईमॅक्सचा तर 1976 साली जन्मच मुळी दुसऱ्या एका एडिटरवर लोकांनी रचलेल्या पुरवण्यांच्या संग्रहातून झाला, म्हणजे ज्याला आज आपण मूळ म्हणतो ते एके काळी परिशिष्टच होते. ह्या साधनांना शेकडो लोक आपापल्या परीने एक्स्टेन्शन किंवा प्लगइन जोडतात. आणि अशी पुरवणी एकदा आत आली की वापरणाऱ्याचे सर्व अधिकार तिला प्राप्त होतात, तो जे लिहील ते ती वाचू शकते, तो जी फाइल उघडील ती ती बदलू शकते. डेबियन ही 1993 साली निघालेली संस्था (जिचा इन्स्टॉलर 2009 च्या आवृत्तीपासून मराठीही बोलतो) अशा निवडक पुरवण्या आपल्या भांडारात घेते; परंतु त्या जशाच्या तशा घेत नाही. जो मेंटेनर ती जबाबदारी पत्करतो त्याला मूळ लेखकाचे, त्या मंडळींच्या भाषेत अपस्ट्रीमचे, गाठोडे अखंड ठेवून त्याच्या शेजारी स्वतःचे एक दप्तर उघडावे लागते. प्रत्येक फाइलवर कोणाचा हक्क आहे आणि कोणती मुभा आहे ह्याची यादी त्यात येते, प्रत्येक आवृत्तीत काय बदलले ह्याची रोजकीर्द नाव, पत्ता आणि तारखेसह येते, आणि मूळ मजकुरात कोठे हात घातला असेल तर ती दुरुस्ती मुळात न मिसळता पॅच म्हणून वेगळ्या फाइलीत, ती कोणी केली, का केली, मूळ लेखकास कळविली की नाही, ह्या शेऱ्यासह ठेवण्याची रीत आहे. मग त्या सर्वांवर आपली सांकेतिक सही करून तो ते पाठवितो. आणि पॅकेज नवे असेल तर ते एका निराळ्या रांगेत थांबते आणि तेथे दुसरेच कोणी कागदपत्रांची रुजवात घेतात.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न आता अपस्ट्रीमचे लोकच विचारतात, कारण ईमॅक्सला 2012 पासून आपल्या पुरवण्या परस्पर आणण्याची सोय झालेली आहे, व्हिमनेही 2016 मध्ये पुरवण्यांसाठी स्वतंत्र जागा करून दिली, आणि मधल्या कारकुनामुळे नव्या गोष्टी वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायला महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. तक्रार खोटी नाही. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी नसावे, ही इच्छा धर्माच्या इतिहासातही वारंवार प्रकट झालेली आहे आणि तिने मोठमोठी कामे केलेली आहेत. परंतु मधला मनुष्य काढून टाकल्याने मधली जागा रिकामी राहत नाही. तेथे कोणीतरी येतोच, फक्त तो आता दिसत नाही.

1290 साली नेवाशास सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांच्या हाती आली तोपर्यंत सुमारे तीनशे वर्षे लोटली होती, आणि मूळ अतिशुद्ध असलेला हा ग्रंथ पाठांतरांनी विस्कळीत झाला आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हे कोणी केले? काही दोष डोळ्यांचे असतील, काही लेखणीचे. पण ज्यांनी स्वतःच्या ओव्या रचून मध्ये घातल्या ते लोक ग्रंथाचे वैरी नव्हते, बहुधा भक्तच होते. ह्या प्रक्षेपकाच्या मनाचा विचार करू लागलो की मी थबकतो. त्याने ओवी रचली, कदाचित चांगलीही रचली, आणि तिच्यावरचा स्वतःचा हक्क संपूर्ण सोडून ती ज्ञानदेवांच्या मुखात घातली. कीर्ती नाही, नाव नाही, कोणी वंदन केले तर ते दुसऱ्याला. कर्मफलाचा इतका निःशेष त्याग भल्या भल्या साधकांना साधत नाही. ‘त्याने नाहीसे व्हावे’ ही जी आपली सांभाळणाऱ्याकडून अपेक्षा, ती जर कोणी पूर्णांशाने पाळली असेल तर ती ह्या प्रक्षेपकाने.

उलट एकनाथांचे वर्तन पाहा. त्यांनी काम संपविल्यावर शक सांगितला, संवत्सर सांगितले, स्वतःचे नाव सांगितले, काम का हाती घेतले ते सांगितले, आणि पुढे जो कोणी ह्या ग्रंथात पदरची ओवी घालील तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, असे बजावून ठेवले. ज्यांच्या नम्रतेच्या कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहेत त्या पुरुषाने येथे स्वतःला पुसून टाकले नाही. मला ह्यात विसंगती दिसत नाही. अहंकार म्हणजे नाव सांगणे नव्हे. दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावून नाव न सांगणे हाच सूक्ष्मतर अहंकार होय, कारण आपली ओवी ज्ञानदेवांची म्हणून खपून जाईल असा आत्मविश्वास असल्याशिवाय ते करता येत नाही. मेंटेनरच्या रोजकीर्दीतले नाव हे श्रेयाचे नाव नसते. चूक निघाल्यास कोणाला विचारावयाचे त्याचे ते नाव असते.

2024 च्या मार्चमध्ये हा प्रक्षेपक नव्या वेषात प्रकट झाला. फाइली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या एका क्षुल्लक भासणाऱ्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या सेवेत टोपणनावाचा एक मनुष्य दोन वर्षांहून अधिक काळ राहिला, थकलेल्या मूळ सांभाळकाचा त्याने विश्वास संपादन केला, त्याला अधिकार मिळाले, आणि मग त्याने संगणकांत गुप्तपणे शिरण्याची एक चोरवाट त्यात घातली. तिचे काही तुकडे सार्वजनिक भांडारात, चाचणीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत पडून होते. परंतु त्यांना जागे करणारा मजकूर केवळ वाटपाच्या गाठोड्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर म्हणविल्या जाणाऱ्या आवृत्तीवर काम करताना दूरच्या संगणकात प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे आढळले, ते त्याने सोडून दिले नाही, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो चोरवाटेपर्यंत पोहोचला.

आमच्या भागात वाढलेल्या कोणालाही येथे देवगिरीची कथा आठवेल. जनार्दनस्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार. त्यांच्या दप्तरातील जमाखर्च तरुण एकनाथांकडे होता. आणि ताळा जमेना म्हणून एका पैच्या चुकीसाठी ते रात्रभर जागले, पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली, आणि गुरूंनी ते पाहून म्हटले की हीच एकाग्रता ईश्वराच्या ठिकाणी लागली तर काय होणार नाही, असे सांगतात. कथेचे तात्पर्य कीर्तनकार नेहमी वैराग्याच्या अंगाने काढतात: पै तुच्छ, ईश्वर श्रेष्ठ. मला ते अपुरे वाटते. जनार्दनस्वामींनी ती वही बंद करावयास सांगितल्याचे कथेत कोठे नाही. आणि ज्या डोळ्यांनी पै हुडकली त्याच डोळ्यांनी पुढे ज्ञानेश्वरीतील सुमारे नऊ हजार ओव्या निरखल्या.

परंतु नाव प्रकट ठेवले, दुरुस्ती वेगळी दाखविली, म्हणजे सांभाळणारा निर्दोष झाला, असे मी म्हणू लागलो तर डेबियनचाच इतिहास मला थांबवील. 2006 साली तेथील एका मेंटेनरने ओपनएसएसएल ह्या गूढलेखनाच्या साधनातून, तपासणीच्या एका यंत्राने संशयित ठरविलेल्या दोन ओळी गाळल्या. हेतू शुद्ध होता, मूळ कर्त्यांच्या मंडळीत त्याने पृच्छाही केली होती, बदल उघड्यावर होता. पण गाळलेल्या ओळींपैकी एकीवर किल्ल्यांची सारी अकल्पितता अवलंबून होती. ती गेल्यावर एका जातीच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या फार तर 32,768 प्रकारच्याच निघू लागल्या, म्हणजे कोणाही चोराला एकेक करून लावून पाहता येतील इतक्याच. मे 2008 पर्यंत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. म्हणजे मळ म्हणून जे खरवडले तेच सत्त्व होते, आणि खरवडल्याची नोंद जगासमोर होती, तरी वाचणारा नव्हता. शुद्धीकरणाच्या प्रत्येक चळवळीने, ती ग्रंथाची असो वा समाजाची, हे प्रकरण टाचून ठेवावे असे आहे.

तथापि त्या नोंदीचा उपयोग शेवटी झालाच: दोष कळल्यावर कोणती ओळ, कोणी, कोणत्या दिवशी काढली हे तत्काळ दाखविता आले आणि ती परत घालता आली. येथे मला, पैठणच्या वाळवंटाला दुरून नमस्कार करून, एक गोष्ट बोलली पाहिजे. एकनाथांनी शुद्ध प्रत दिली. पण कोणत्या ओव्या त्यांनी गाळल्या, कोणता पाठ कोणत्या पोथीवरून घेतला, ह्याचा कागद त्यांनी मागे ठेवला नाही. त्या काळी तशी रीत नव्हती, हे खरे. परिणाम असा झाला की 1909 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडकडील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथपूर्व, म्हणून अधिक जुन्या भाषेची असल्याचे प्रतिपादिले, तेव्हा दोन पाठांमध्ये निवाडा करण्यास विद्वानांजवळ शब्दरूपे आणि तर्क एवढेच साधन उरले. एकनाथांचे दप्तर असते तर वादाचा बराचसा भाग उद्भवलाच नसता. ज्यांनी पैचा हिशेब सोडला नाही त्यांनी गाळलेल्या ओव्यांचा हिशेब सोडला, ह्याची खंत मला राहून राहून वाटते.

त्यांच्या त्या बजावणीविषयीही दोन शब्द. ह्यापुढे कोणी काही घालू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असतो? ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन हे संगणकीय स्वातंत्र्याचे आद्य प्रवक्ते. परंतु त्यांच्या ईमॅक्सच्या सूचनाग्रंथात काही प्रकरणे अशी आहेत की जी कोणी बदलू नयेत वा गाळू नयेत असा परवान्याचा दंडक आहे, आणि त्यांत त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही येतो. डेबियनच्या सभासदांनी 2006 साली मतदान करून ठरविले की ज्यात अशी अपरिवर्तनीय प्रकरणे आहेत तो ग्रंथ आमच्या व्याख्येप्रमाणे मुक्त नव्हे. आणि तेव्हापासून ईमॅक्स मुख्य भांडारात, तर त्याचा सूचनाग्रंथ बाहेरच्या ओसरीवर, अशी फाळणी झाली. गैरसोय मोठी आहे आणि प्रकार काहीसा हास्यास्पदही आहे. तरी निर्णय मला योग्य वाटतो. ज्या मजकुराला हात लावण्याची मुभाच नाही त्याचा प्रामाणिक सांभाळ करता येत नाही, फक्त पहारा करता येतो. एकनाथांची बजावणी मात्र ह्या दंडकाहून निराळी आहे, कारण तिने ग्रंथात भर घालण्यास मनाई केली, ग्रंथाशेजारी लिहिण्यास नाही. स्वतः त्यांना जे सांगावयाचे होते ते त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहून सांगितले, ज्ञानेश्वरीत शिरकवले नाही.

आणि त्यांच्याच घरी, त्यांच्या पश्चात, ह्या प्रश्नाचे आणखी एक रूप उभे राहिले. भावार्थरामायण रचीत असता युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी त्यांनी लेखणी ठेवली आणि 1599 साली ते गेले; पुढचा भाग त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला. परंपरा ह्या गावबाला मंदबुद्धी म्हणते, पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या वाड्यात राहिलेला म्हणते, आणि तरीही गुरूंची ओवी कोठे संपली व त्याची कोठे सुरू झाली हे मात्र नेमके सांगते. डेबियनमध्ये मेंटेनराने सोडलेल्या पॅकेजांना अनाथ म्हणतात आणि त्यांची एक जाहीर यादी असते. त्या यादीत एडिटरांच्या लहानसहान पुरवण्या नेहमीच सापडतात, बहुतेकांचे मूळ लेखकही दुसऱ्या उद्योगाला लागलेले असतात. ज्याला त्यांतील एखादी दत्तक घ्यावयाची असेल त्याने विद्वान असलेच पाहिजे असे नाही. त्याने आपला इरादा त्या यादीत नावानिशी लिहावयाचा, आणि पूर्वीच्या मेंटेनराची रोजकीर्द तशीच ठेवून तिच्या वर आपली पहिली नोंद करावयाची.