अंतर कोणते मोजावे?

गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आमचे पायी चालणे खुंटले. गेल्या कार्तिकीला पुण्याहून एस.टी.ने पंढरीस निघालो. शेजारी एक तरुण बसला होता. फोनवरचा नकाशा पाहून म्हणाला, "माउली, रस्त्याने २१० किलोमीटर, पाच तासांत चंद्रभागा! आकाशातून सरळ दोरी धरली तर १८०च भरतात. विमान असते तर पाव तासाचे काम. मग आषाढीला लोक अठरा-अठरा दिवस का घालवतात हो?"

प्रश्न साधा, पण जिव्हारी लागला. कारण त्याच्या पोटात माझाही एक प्रश्न होता. मी आता पाच तासांत पोहोचतो, मग माझी वारी ही वारी राहिली काय?

सज्जनहो, हिशेब नीट मांडून पाहू. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत येते. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. म्हणजे दिवसाला सरासरी १४ किलोमीटर पडले. धडधाकट गडी एकटा निघाला तर निम्म्या दिवसांत पोहोचेल. तेव्हा अठरा दिवस लागतात ते काही पाय मंद म्हणून नव्हे. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करीत, वाटेत रिंगण, रात्री कीर्तन, असे सगळे मिळून जायचे असते. डोईवर तुळस घेतलेली म्हातारी आणि विशीतला पोर एकाच टाळावर दिवेघाट चढतात. हे अठरा दिवस सोबतीचे आहेत.

आता एक कबुली देतो. पायी चालत होतो तेव्हा मोटारीतून उतरणाऱ्याकडे मी तिरक्या नजरेने पाहिले आहे. 'हा कसला वारकरी!' असे मनात म्हटले आहे. तो हातभर अंतरावर उभा होता, पण माझ्या मनाने त्याला कोसभर लांब लोटले होते. अडीचशे किलोमीटर चालून तेवढे हातभर अंतर मला तोडता आले नाही. मग पाय झिजवून मिळविले काय?

वाहनाला दोष देऊ नये. पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ साली झाली, तीत पायी चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट योजिली आहे. आजारी, थकलेल्या माणसाला गाडी म्हणजे पायच. प्रश्न आहे तो वाचलेल्या वेळाचा. तो कोणाच्या पदरात पडतो?

मी त्या तरुणाला विचारले, "बाळा, अठरा दिवस वाचले, त्यांचे काय करतोस?"

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "आई म्हणते, एकदा पंढरीला ने. चार वर्षे झाली. वेळच सापडत नाही."

पुढे टेंभुर्णी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

वाचकहो, पाच तासांची वाट चार वर्षे सरत नाही, अशी आपल्या घरात कोणती आहे, ते प्रत्येकाने पाहावे. चालवत असेल त्याने दिंडीत चालावे, न चालवेल त्याने गाडीत बसावे. पण निघताना शेजारची एक जागा कोणासाठी तरी धरावी. एवढे केले की आपली वारी घडली, असे मला वाटते.

रामकृष्ण हरि.