समुद्र कोणाचा?

त्रिनिदादला आम्ही चौदा जण गेलो होतो. सकाळी ला ब्रेआचा डांबराचा तलाव पाहिला. काळा, सुरकुतलेला, वरून चालता येईल असा. दुपारी वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. ओहोटी होती. शेजारच्या स्मशानात एक चिता विझत आली होती. मंडळी फोटो काढत पुढे गेली, मी हे मंदिर बांधणाऱ्या सिवदास साधूंच्या पुतळ्यापाशी थांबले.

साधू ऊसमळ्यातले मजूर. १९४७ साली त्यांनी किनाऱ्यावर मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून ते पाडलं गेलं आणि साधूंना तुरुंगात जावं लागलं. मग ते समुद्रातच भर घालू लागले. सायकलवरून दगड, सिमेंट वाहत राहिले, वर्षानुवर्षं. पाण्यावर कोणाचा सातबारा नव्हता.

देव चराचरात आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मग त्याला चार भिंती कशाला? तिथे उभं राहून मला वाटलं, जागा देवाला नको असते, माणसाला हवी असते. पुंडलिकाने वीट भिरकावली, कारण देवाला थांबवायला त्याच्याजवळ स्वतःचं अंगण होतं. १८४५ पासून भारतातून करारावर बोटींतून इथे आणलेल्या मजुरांकडे ते अंगणही नव्हतं. साधूंनी आधी वीटच घडवली, आणि ती घडवणं हीच त्यांची पूजा होती, असं मी मानते.

"वहिनी, चला, बस थांबलीय," नणंदेने हाक मारली. मी चपला काढून त्या भरावाच्या दगडांना हात लावला. दगड उन्हाने तापलेले होते. पाणी हळूहळू परत येत होतं.