दिवा, तराजू आणि प्रमाण

सौर पॅनेलवर छापलेला वॉटचा आकडा बहुधा सूर्याखाली ठरत नाही. कारखान्यात झेनॉन दिव्याचा काही मिलिसेकंदांचा झोत पॅनेलवर टाकून तो ठरविला जातो. परंतु झेनॉनच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाची शक्ती कोणत्या तरंगलांबीला किती आहे याच्या आलेखात, 800 ते 1000 नॅनोमीटरच्या दरम्यान सूर्यप्रकाशात नसलेली तीक्ष्ण शिखरे असतात, आणि सिलिकॉन तेथेच विशेष संवेदनशील असल्याने आधी दिवाच मोजावा लागतो. येथे ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न उभा राहतो: प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, स्वतः कशाने सिद्ध होते?

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हाच पेच टाकला: प्रमाणाला दुसरे प्रमाण लागत असेल तर अनवस्था, म्हणजे न संपणारी मालिका, ओढवते, लागत नसेल तर प्रमाणाविना काही सिद्ध होत नाही हा दावाच सुटतो. दिवा स्वतःलाही उजळतो, हे उत्तर त्याने मानले नाही, कारण दिव्यात मुळी अंधारच नसतो. न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, मात्र दिव्याच्या जोडीला तराजूचाही दृष्टान्त आहे: सोने तोलणारा तराजू प्रमाण असतो, आणि शंका आल्यावर ज्ञात वजनाच्या सोन्याने तपासला जाताना तोच प्रमेय, म्हणजे जाणण्याचा विषय, होतो. दिव्यांच्याच शास्त्रात दिव्याचा दृष्टान्त लंगडा पडावा आणि तराजूचा टिकावा, ही गंमतच म्हणायची.

कारण प्रयोगशाळेत झेनॉन दिवा वर्णपटमापकाने तपासला जातो, वर्णपटमापक टंगस्टन-हॅलोजनच्या प्रमाणित दिव्याने, आणि तो दिवा अखेर अशा तप्त भट्टीशी जोडलेला असतो जिचा वर्णपट प्लांकने 1900 मध्ये मांडलेल्या नियमानुसार केवळ तापमानावरून काढता येतो. मालिका थांबते ती एका नियमाशी, पण तो नियमही पूर्वीच्या मोजमापांवरच विश्वासार्ह ठरलेला आहे. शिवाय ज्या सूर्याशी तुलना करायची तो संकेताने ठरविलेला तक्ता आहे: दर चौरस मीटरला 1000 वॉट, वातावरणाची दीडपट जाडी ओलांडून आलेला प्रकाश. ‘अ’ श्रेणीच्या दिव्यालाही वर्णपटाच्या प्रत्येक पट्ट्यात या तक्त्याच्या 0.75 ते 1.25 पट इतकी मोकळीक असते.

न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते ज्ञानाची ग्राह्यता प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्यावर आधारलेली कृती सफल झाल्याने, कळते. तेव्हा छपरावरच्या पॅनेलने छापल्याइतकी वीज दिली की वाद मिटला, असे वाटू शकते. पण छपरावर तक्त्यातला सूर्य उगवत नाही, आणि त्या दिवशीचे ऊन किती व कसे होते हे सांगणारे मापकही याच मालिकेतून प्रमाणित होऊन आलेले असते.