पात्याला मूठ कोण बसवणार?

सोयाबीनची सवंगणी तोंडावर आली की विदर्भातल्या मानोऱ्यात लोहाराच्या पालापुढे गर्दी होते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भात्यापुढे तापत असतो. लोहार पालाची उन्हाकडची बाजू मुद्दाम झाकून ठेवतो. लोखंडाचा रंग सावलीतच खरा कळतो. लाल झालेला तुकडा ऐरणीवर येतो, घणाखाली विळ्याचा आकार घेतो आणि मग त्याला पाणी दिलं जातं. एवढ्यावर तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही. म्हणून त्याला पुन्हा हलकी आच दाखवायची. घासून उजळ केलेल्या धारेवर फिकट सोनेरी झाक चढली की उचलायचं. निळी चढेपर्यंत थांबलं तर धार मऊ पडते. हे सगळं काही क्षणांत डोळ्यांनी ठरतं. ते पाहून मी मुठीचं विचारलं, तर लोहार म्हणाला, "मूठ सुताराकून बसवून घ्या भाऊ, ते आमचं काम नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

फिनलंडमध्ये पुक्को नावाची सुरी असते. सरळ पाठीचं, तळहाताच्या रुंदीएवढं पातं. मूठ बहुधा भूर्जाच्या लाकडाची, पण काही कारागीर ती कातड्याची करतात. जाड कातड्याच्या चकत्या कापायच्या, प्रत्येकीला मधोमध चीर द्यायची, पात्याच्या निमुळत्या शेपटावर एकीवर एक ओवायच्या, सरस लावून दाबायच्या आणि शेपटाचं टोक ठोकून पक्कं करायचं. मग कानशीने आकार आणि वरून मेण. अशी मूठ ओल्या हातातही घसरत नाही. तिथे सुऱ्यांचे कारखाने आहेतच, पण पातं, मूठ आणि कातडी म्यान स्वतःच्या हाताने करणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत.

आपल्या गावगाड्यात या एका सुरीला तीन घरं लागली असती. लोखंड लोहाराचं, लाकूड सुताराचं, कातडं चांभाराचं. मोटेचंही तसंच होतं. तिघांच्या हातांशिवाय ती विहिरीत उतरत नव्हती. या व्यवस्थेचं कौतुक करणारे तिला परस्परावलंबन म्हणतात. मला ते पटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली दाखवून दिलं होतं की जातीने कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसं वाटली आणि त्यांना एकावर एक रचलं. कातड्याला हात लावणाऱ्याचा हात विटाळाचा ठरला. मग कातडं आणि लोखंड एकाच माणसाच्या हातात येणार कसं? ज्ञान तीन ठिकाणी कोंडलं गेलं, आणि ज्यांनी अवजार कधी घडवलं नाही ते घडवणाऱ्यांना अडाणी म्हणत राहिले.

फिनलंडने 1866 साली प्राथमिक शाळेत हस्तकौशल्य सक्तीचं केलं. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाचा त्यात मोठा वाटा. सुरुवातीला मुलांना लाकूडकाम आणि मुलींना शिवणकाम अशी भिंत तिथेही होती, हे विसरता कामा नये. आज सातवीपर्यंत हा विषय सगळ्यांना सारखाच सक्तीचा आहे. आपल्याकडे हाच विचार 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडला, झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. विदर्भाच्याच मातीत उगवलेली ती नई तालीम आपण मात्र टकळीपुरती आठवतो.

2023 साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. लोहार, सुतार आणि चर्मकार तिघेही त्यात आहेत. अवजारांसाठी 15 हजार रुपये, स्वस्त कर्ज, प्रशिक्षण मिळतं. हे हवंच होतं. पण ही मदत ज्याच्या हातात काम आहे त्याच्यापर्यंतच जाते. ज्याच्या घरात ऐरण कधी नव्हतीच त्या मुलाने ते काम शिकायचं कुठे? 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना सुचवले. दहा दिवसांत पोर घण नीट धरायलाही शिकत नाही. मला वर्षभराचा तास हवा, शाळेच्या आवारात भाता हवा आणि शिकवायला लोहारच हवा, मास्तरांच्या बरोबरीच्या मानाने आणि पगाराने.

त्या दिवशी पालापुढे लोहाराचा मुलगा भाता फिरवत होता आणि दप्तर पाठीला असलेली एक मुलगी आच बघत उभी होती. तिने विचारलं, "काका, मी फिरवू का?" मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने तिला दप्तर बाजूला ठेवायला सांगितलं.