नोंदवही

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, मदतीचे फोन क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावावेत, असं त्यांत होतं. पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाने दिवाळीच्या सुट्टीआधीच दोन्ही कामं उरकली. प्राचार्यांच्या केबिनला लागून स्टेशनरीची खोली होती, ती रिकामी करून रंगवून घेतली. सोमवारी आणि गुरुवारी समुपदेशक मॅडम येऊ लागल्या. दाराबाहेर टेबल, टेबलावर लांबलचक जाड वही आणि वहीला सुतळीने बांधलेलं पेन. वहीत रकाने आखले होते: अनुक्रमांक, नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, येण्याचं कारण, वेळ, सही.

पहिल्या महिन्यात त्या वहीत एकच नाव चढलं. तो मुलगा बोनाफाईड दाखल्यासाठी आला होता आणि दार चुकला होता.

प्राचार्य मनाने वाईट नव्हते. मूल्यांकनाला नॅकची समिती येते तेव्हा प्रत्येक गोष्टीचा कागद मागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. वही त्यासाठीच होती. महिना संपल्यावर स्टाफ मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आपल्या मुलांना तशी गरज दिसत नाही," आणि हे सांगताना त्यांना खरोखरच बरं वाटलं.

चौथ्या वर्षाला औसा तालुक्यातली एक मुलगी होती. वडील लातूरच्या बाजारात एका अडत्याकडे मुनीम. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग सीईटी, मग पुणे. घराण्यात कोर्टाची पायरी चढलेली पहिली व्यक्ती हीच होणार होती, तीही जज्ज म्हणून, असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं होतं. तीन वर्षं तिने नेटाने काढली. इंग्रजी निकालपत्रं शब्दकोश घेऊन वाचली, मूट कोर्टाच्या सराव-खटल्यांत उभी राहिली, विधी सेवा केंद्रात नाव घातलं. चौथ्या वर्षी पहिल्यांदा नापास होऊन केटी लागली. त्याच सुमारास मूटच्या एका फेरीत न्यायाधीशांनी प्रश्न विचारला आणि हिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. नंतर झोप गेली. मग मेसचं जेवण सुटलं. सकाळची लेक्चर्स बुडू लागली. बार कौन्सिलच्या नियमातली सत्तर टक्के हजेरी रोज थोडी थोडी लांब जात होती, आणि ती मोजत बसण्यात तिची उरलीसुरली झोप जाई. आईचा फोन वाजून वाजून बंद होई, मग ही मेसेज करायची: लायब्ररीत आहे, नंतर बोलते.

लायब्ररीत ती असायची, हे खरं होतं.

मागच्याच सत्रात तिने मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या कलम 115 वर पानभर उत्तर लिहून उत्तम गुण मिळवले होते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असं मानायचं. तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. कायदा इतक्या मायेने बोलू शकतो, याचं तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं. पण ती माया कुणातरी दुसऱ्यासाठी आहे, असंच तिने धरलं होतं. मला वाटतं, कायद्याच्या शिक्षणाची ही एक अवघड बाजू आहे. पाच वर्षं आम्ही पोरांना शिकवतो की तोंडातून निघालेला शब्द म्हणजे पुरावा, कबुली दिली की बाजू पडली. राज्यघटनेच्या कलम 20(3) खाली आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागत नाही, हे त्यांना झोपेतही पाठ असतं. मग एक दिवस "मला जमत नाहीये" एवढं वाक्य म्हणायची वेळ येते आणि तेही त्यांना कबुलीजबाबासारखं वाटतं.

तिचं लक्षण पहिल्यांदा ओळखलं ते लायब्ररीतल्या शिपाईकाकांनी. एका संध्याकाळी ते तिच्या टेबलाशी थांबले.

"पोरी, तासभर बघतोय, पान उलटलं नाहीस तू."

"अवघड आहे काका, म्हणून."

"काल पण हेच पान होतं."

ती काही बोलली नाही. काकांनीही खोदून विचारलं नाही. भिंतीवर नवा कागद लावला होता, त्याकडे त्यांनी बोट केलं. टेलिमानस, 14416. "रात्री कुणी नसतं ना, तेव्हा हा लाव. माझ्या पुतण्याने लावला होता. मराठीत बोलतात." एवढं सांगून ते दिवे मालवायला गेले.

केंद्र सरकारची ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आणि चोवीस तास. त्या रात्री दोनच्या पुढे वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन तिने तो नंबर लावला. समोरच्या बाईंनी घाई केली नाही. हिला धड वाक्य जुळवता येईना, तर त्या थांबून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, फोन कधीही कर, पण कॉलेजात कुणी समुपदेशक असतील तर त्यांना समोरासमोर भेट. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवणंही बरं.

गुरुवारी ती गेली. प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन प्राध्यापक बोलत उभे होते. तिने पेन हातात घेतलं, नाव लिहायला वाकली आणि पाचव्या रकान्यापाशी तिची नजर अडली. येण्याचं कारण. काय लिहायचं? आणि उद्या सनद घेताना कुणी ही वही काढली तर? परवा जज्ज होण्यासाठी जेएमएफसीची मुलाखत असेल तेव्हा? तिने पेन ठेवलं, प्राध्यापकांना नमस्कार केला आणि बोनाफाईडच्या खिडकीकडे वळली.

पुढच्या रविवारी विधी सेवा केंद्राचं शिबिर मुळशी तालुक्यातल्या एका गावात होतं. शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती. कॉलेजला मदत करणाऱ्या एक ज्येष्ठ वकीलबाई मधल्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी ही मुलगी, वही उघडून, तारीख घालून तयार. एक बाई आली. तिशीची असेल. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. वकीलबाईंनी गाव विचारलं, मुलं किती विचारलं. ती हो-नाही एवढंच म्हणे, आणि दर वाक्याला तिची नजर या मुलीच्या वहीकडे जाई.

वकीलबाईंनी हात लांब करून ती वही मिटली.

"लिहू नकोस. आधी ऐक." मग दारात रेंगाळणाऱ्या दोघा पुरुषांना त्या म्हणाल्या, "दादा, जरा बाहेर बसा. दार ओढून घ्या." आणि त्या बाईला म्हणाल्या, "ताई, वकिलाला सांगितलेलं वकिलाकडेच राहतं. कायदाच तसा आहे. तुम्ही स्वतः हो म्हणत नाही, तोवर कोर्टातसुद्धा मी ते सांगायचं नाही."

बाई मग पाऊण तास बोलली.

परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. ही खिडकीशी बसून मोबाईलवर कायदा वाचत होती. आधी अधिवक्ता कायदा, 1961. सनद कुणाला नाकारता येते ते कलम 24अ मध्ये आहे: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, अस्पृश्यतेच्या कायद्याखाली दोषी ठरलेला, तशाच कारणावरून सरकारी नोकरीतून काढलेला. समुपदेशकाकडे गेलेला, असं त्यात कुठेही नव्हतं. मग 2017 चा कायदा पुन्हा उघडला. कलम 18, प्रत्येक व्यक्तीला मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क. कलम 23, गोपनीयतेचा हक्क. परीक्षेसाठी हे तिने ओळीने पाठ केलं होतं. आज पहिल्यांदाच ती आपल्यासाठी वाचत होती.

सोमवारी तिने अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात, दीड पान, विषय: समुपदेशन कक्षाबाहेरील नोंदवही बंद करणेबाबत. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. ते मुळात कायद्याचे प्राध्यापक, वाद समोर आला की त्यांना तरतरी येई.

"कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी आहे. आपली मुलं आजारी नाहीत."

"सर, आजारी माणसाला गोपनीयता, आणि ज्याला नुसती झोप लागत नाही त्याला मात्र वही, असा अर्थ कायद्याला अभिप्रेत असेल का?"

ते थोडं हसले. "या कायद्याचा मसुदा बनला तेव्हा आपल्याच गावातल्या लोकांचा त्याला हातभार होता, माहीत आहे ना? इंडियन लॉ सोसायटीचं केंद्र."

"माहीत आहे, सर. म्हणून तर."

"बरं. पण अर्ज 'सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने' आहे. सह्या एकाच्याही नाहीत. तुझा लोकस काय, अर्ज करायचा हक्क कुठला?"

कुठल्याही मूटमध्ये याचं उत्तर तिने दोन मिनिटांत तीन निवाड्यांसह दिलं असतं. आत्ता ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"सर, मी त्या टेबलापर्यंत येऊन परत गेलेय."

प्राचार्यांनी चष्मा काढला. त्यांच्या केबिनचं दार त्या टेबलापासून चार पावलांवर होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग घंटा वाजवून शिपायाला बोलावलं आणि ती वही आत आणायला सांगितली.

आठवड्याभरात खोलीही हलली. लायब्ररीच्या मागे जुन्या नियतकालिकांची खोली होती, तिथे कुणीही कुठल्याही कामासाठी जाऊ शकत असे. वेळ ठरवायची ती मॅडमना परस्पर मेसेज करून. ऑफिसला महिन्याच्या शेवटी फक्त आकडा मिळायचा, नावं नाहीत, आणि त्या आकड्याने नॅकचंही भागणार होतं. या शहाण्या मांडणीला फार पैसा लागला नाही. आपल्या कितीतरी संस्थांत समुपदेशकाचा पगार निघतो, पाटी लागते आणि मुलगा तिथवर कसा पोचणार याचा विचारच राहून जातो, हे मला फार लागतं.

पहिल्या भेटीत मॅडम म्हणाल्या, "इथलं बाहेर जाणार नाही. एकच अपवाद. तुझ्या किंवा कुणाच्या जीवाला धोका आहे असं वाटलं, तर मी मदत बोलावीन. पण तुला सांगूनच." मुलीने मान हलवली आणि युक्तिवादाला उभं राहिल्यासारखी सुरुवात केली. प्रथम वस्तुस्थिती, मग मुद्दा क्रमांक एक, मग दोन. मॅडमनी तिला बोलू दिलं. सगळं मांडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?"

तिला आठवेना. आठवेना म्हणून रडू आलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. मॅडमच्या चिठ्ठीवर ती ससूनच्या मानसोपचार विभागात दाखवून आली, काही महिने गोळ्या घेतल्या. पुढच्या सत्रातला एक पेपर पुन्हा गेला. मूटच्या संघातून तिने स्वतःहून वर्षभर सुट्टी घेतली. पण ती रात्री झोपू लागली, आणि दर रविवारी आईला स्वतः फोन करू लागली. केटी लागल्याचंही तिने सांगून टाकलं. आई म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी हाय म्हणून. पैशाचं नाही ना?"

फेब्रुवारीत एकदा रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये पहिल्या वर्षाचा एक मुलगा समोर येऊन बसला. विधी सेवा केंद्रातली ताई म्हणून तो तिला ओळखत होता. पोळीचे तुकडे करत होता, खात नव्हता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, लायब्ररीच्या मागे ती खोली आहे ना... तिथे कुणी जातं का खरं?"

आजूबाजूला तिच्याच वर्गातली सात-आठ जणं बसली होती. तिने आवाज मुळीच खाली घेतला नाही.

"मी जाते. दर गुरुवारी. आमटी वाढ जरा."

टेबलावरची बडबड क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली. मुलाने आमटीचं पातेलं पुढे केलं.

"मॅडम किती वाजता येतात?"

"अकराला. नंबर देते, मेसेज करून ठेव. पण आधी ती पोळी खा."